चार रंगांचे ठिपके आणि सहाशे चाळीस पुस्तकं

सोमवार, ४ मार्च. सकाळी १०.१२. बालविभागातल्या बुटक्या खुर्चीवर बसून पुस्तकं मोजत असताना.

आजपासून रोजनिशी लिहायची. मोठ्या कामाची नोंद राहिली पाहिजे.

ग्रंथपाल बाई मुलीच्या बाळंतपणासाठी साडेतीन आठवड्यांच्या रजेवर गेल्या. निघताना, चपलेचा पट्टा लावता लावता म्हणाल्या, पोरांची पुस्तकं जरा वयाप्रमाणे लावून ठेव रे, सगळी सरमिसळ झालीय. बाई 'जरा' म्हणाल्या. माझ्या स्वभावात 'जरा' नाही.

पुस्तकं एकूण ६४०. (दोनदा मोजली. पहिल्यांदा ६३९ आली. एक कपाटामागे पडलं होतं.)

गुरुवारी, २८ तारखेला, वाचनालयाची समिती पाहणीला येणार. रोजंदारीवरचा मदतनीस, म्हणजे मी, कायम करायचा की घरी पाठवायचा, ते त्या दिवशी ठरणार. मी ताईकडे राहतो. ताईला सांगून ठेवलं आहे की मी जवळजवळ कायम झालो. ताईने शेजारी सांगताना 'जवळजवळ' गाळलं. भावोजींनी मात्र नेमका तोच शब्द पकडला. म्हणाले, नाही झालास तर एक तारखेपासून माझ्या मित्राच्या फरशीच्या गोदामात जायचं. तुला मोजायला आवडतंच. पुस्तकं काय नि फरश्या काय.

संकल्प: समिती येईपर्यंत प्रत्येक पुस्तक योग्य त्या पातळीच्या मुलालाच जाईल अशी व्यवस्था लावायची. डब्यावर झाकण बसतं तशी.

मंगळवार, ५ मार्च. दुपारी २.४०

पातळी कशावरून ठरवायची? जाडीवरून ठरत नाही. सगळ्यात जाड पुस्तकात निव्वळ हत्तींची चित्रं आहेत. मागे छापलेल्या वयावरूनही नाही. एकावर 'वय ३ ते ९९' असं लिहिलं आहे. शंभराव्या वर्षी माणसाने काय करायचं?

३.१५. सापडलं. जोडाक्षरं!

लहानपणी मी वाचताना अडायचो ते जोडाक्षरांपाशी. मग चंग बांधून सगळी जोडाक्षरं पाठ केली. त्यानंतर शुद्धलेखनात माझा हात कोणी धरला नाही. (नववीत गणिताने धरला. तो विषय वेगळा.) म्हणजे ज्या पुस्तकात जोडाक्षरं जास्त ते अवघड, ज्यात कमी ते सोपं. इतकी साधी गोष्ट आजवर कोणाला कशी सुचली नाही?

पद्धत: प्रत्येक पुस्तकातले पहिले शंभर शब्द घ्यायचे. त्यांतली जोडाक्षरं मोजायची. 'शंभराला किती' ते वहीत मांडायचं. गोष्ट वाचत बसायचं नाही. आज तिसऱ्या पुस्तकात एकदा गोष्टीत शिरलो आणि आकडा विसरलो. पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागलं.

गुरुवार, ७ मार्च

स्टेशनरीच्या दुकानातून रंगीत ठिपक्यांची पाकिटं आणली. पदरच्या पैशाने. कायम झाल्यावर बिल लावता येईल. दुकानदाराने विचारलं, बालवाडी काढलीत का? मी हसलो फक्त. सगळ्यांना सगळं सांगायचं नसतं.

शंभराला आठपर्यंत: पिवळा, वय ४ ते ६.
नऊ ते सोळा: हिरवा, वय ७ ते ९.
सतरा ते पंचवीस: निळा, वय १० ते ११.
त्यावर: लाल, वय १२ ते १४.

भिंतीवर तक्ता लावला. अक्षर उत्तम आलं आहे.

दारात बसून लोकांच्या पिशव्या सांभाळणारे पिशवीवाले काका तक्ता बघायला आले. खूप वेळ बघत होते. मग म्हणाले, रंग छान आहेत.

शुक्रवार, ८ मार्च. दुपारी १२.०५

काही निकाल धक्कादायक. पुठ्ठ्याच्या सहा पानांचं एक पुस्तक आहे. कोपरे कोणीतरी चघळलेले. प्रत्येक पानावर एक चित्र, एक शब्द: रेल्वे, स्टेशन, प्लॅटफॉर्म, सिग्नल, ड्रायव्हर, गार्ड. शब्द सहा, जोडाक्षरं आठ. मोबाइलवर हिशोब केला. शंभराला एकशे तेहतीस!

सबंध बालविभागात याच्या जवळपास जाणारं पुस्तक नाही. लाल ठिपका लावला. इतके दिवस हे दीड-दोन वर्षांच्या बाळांच्या हातात देत होते. चघळतील नाही तर काय करतील?

शनिवार, ९ मार्च

आज उलट प्रकार. 'वाळूतली होडी' नावाचं पुस्तक. खारूताईने घरी नेलं आहे, म्हणून तिच्या दप्तरातून काढून सकाळी चहाबरोबर तपासलं. (खारूताई म्हणजे ताईची मुलगी, वय आठ. पुढचे दात आणि हातात सतत काहीतरी कुरतडायला, यावरून नाव पडलं.) अठ्ठेचाळीस पानं, पण शंभराला फक्त सहा. विश्वास बसेना. म्हणून अपवाद करून अख्खं मोजलं. एकूण एकशे चौदा. म्हणजे पिवळंच, चार वर्षांच्या मुलाचं. आणि आमची खारूताई त्यात नाक खुपसून बसते, जेवायला हाका मारल्या तरी उठत नाही. तिला हे शोभत नाही. मामा या क्षेत्रात असताना तर नाहीच.

या आठवड्यात मुलांनी नेलेली पुस्तकं: ११८. पद्धत नसताना ११८, तर पद्धत आल्यावर किती? २०० धरायला हरकत नाही.

सोमवार, ११ मार्च. संध्याकाळी ६.३०

पद्धत सुरू. दिवस ऐतिहासिक.

प्रत्येक मुलाची परीक्षा घेतली. कार्डावर मी स्वतः निवडलेले पन्नास शब्द: ज्येष्ठ, उद्ध्वस्त, वैशिष्ट्यपूर्ण, कर्तृत्व वगैरे. जितके वाचता येतील तसा रंग. मग त्या रंगाचं ओळखपत्र. आपल्या रंगाबाहेरचं पुस्तक मिळणार नाही. रांग पार पाण्याच्या टाकीपर्यंत गेली होती. काही मुलं रांगेतूनच घरी गेली. त्यांना घाई असावी.

खारूताईने पन्नासपैकी पन्नास वाचले! सकाळी दात घासताना मी तिच्याकडून शब्द घोटून घेतो, त्याचं फळ. आठव्या वर्षी लाल कार्ड. सर्वांसमोर टाळ्या वाजवल्या. मी एकट्याने.

तिने 'वाळूतली होडी' परत आणली होती, तारीख आज होती म्हणून. पुन्हा नावावर चढवून दे म्हणाली. पान एकतीसपर्यंत आली आहे. मी समजावलं की लाल कार्डाला पिवळं पुस्तक मिळत नाही. ती म्हणाली, अरे मामा, तो मुलगा अजून होडीतून उतरलाच नाहीये. मी म्हणालो, उतरेल. ती म्हणाली, तुला काय माहीत? मी म्हणालो, नियम म्हणजे नियम, आणि तिला लाल ठिपक्याचं 'यंत्रशास्त्राची मूलतत्त्वे' दिलं. शंभराला एक्केचाळीस. तिने काही न बोलता घेतलं. भारावली असावी.

मंगळवार, १२ मार्च

ताईने सकाळी चहा गार दिला. विचारलं तर म्हणाली, गरम चहा तुझ्या पातळीचा नाही.

खारूताई माझ्याशी बोलत नाही. एकाग्रता वाढल्याचं लक्षण.

बुधवार, १३ मार्च. सकाळी ११.२०

बेकरीवाल्या बाई आल्या, हाताला पीठ तसंच. त्यांच्या चार वर्षांच्या मुलाला मी सोमवारी पिवळ्या कपाटातलं 'विहिरीतला आवाज' दिलं होतं. शंभराला पाच. बाईंनी रात्री वाचून दाखवलं. तेव्हापासून मुलगा नळाखाली जात नाही. नळातून कोणीतरी बोलतंय म्हणतो. दोन दिवस अंघोळ नाही. बाई म्हणाल्या, अहो, त्या गोष्टीत मेलेली आजी विहिरीतून हाका मारते. पुस्तक देण्याआधी तुम्ही वाचलं होतं की नाही?

मी वही दाखवली. पाच जोडाक्षरं, शंभराला. त्या म्हणाल्या, आमच्या पोराला अंघोळ कोण घालणार, तुमची वही?

पुस्तक पिवळंच राहील. भीती ही वेगळी गोष्ट आहे, तिचा वाचनाशी संबंध नाही. तरी त्यांच्या समाधानासाठी ठिपक्याशेजारी पेन्सिलीने एक थेंब काढला.

शुक्रवार, १५ मार्च

पालकांमध्ये जागृती! आज चार आया आल्या. चौघींनाही मुलांसाठी लाल कार्ड हवं. एकीचं म्हणणं, शेजारणीच्या मुलाला निळं आणि माझ्याला हिरवं, हे कसं? तो तर अजून बुटाची नाडी बांधत नाही. मी सांगितलं की नाडीचा इथे विचार होत नाही. त्या म्हणाल्या, मग कशाचा होतो? मी तक्ता दाखवला. त्या तक्त्याकडे न बघता म्हणाल्या, लाल द्या, मी घरी करून घेईन त्याच्याकडून.

दिलं. उत्साह मारू नये.

शनिवार, १६ मार्च

दुपारी कळलं की मुलं ठिपके सोलून काढतात. एका लालच्या बदल्यात दोन पिवळे, असा भाव चालू आहे. एकाने कपाळावर लावला होता, एकीने दोन्ही कानांना. हत्तींचं पुस्तक सकाळी हिरवं होतं, दुपारी लाल झालं. पुन्हा मोजलं. हिरवंच. पुन्हा लावला.

पिशवीवाले काका म्हणाले, पोरांना आवडलेलं दिसतंय एकूण. मी म्हणालो, हो ना. काका म्हणाले, ठिपके म्हणतोय मी.

आठवड्याची संख्या: ७१. मुलं आता विचारपूर्वक पुस्तकं नेतात.

संकल्प: ठिपक्यांवर चिकटपट्टी लावायची.

सोमवार, १८ मार्च

सहाशे चाळीस ठिपके, सहाशे चाळीस चिकटपट्ट्या. बोटांचे ठसे गेले बहुतेक. मोबाइल आता बोट ओळखत नाही.

बुधवार, २० मार्च. संध्याकाळी ५.१०

बालविभागात आज अभूतपूर्व शांतता. पूर्वी इथे कोण कल्लोळ असायचा. एक पुस्तक तिघं ओढायची, कोपऱ्यात मोठी मुलं लहानांना वाचून दाखवायची, ते ऐकायला रंग न बघता सगळी गोळा व्हायची, चपला इकडे-तिकडे. आता सगळं जागच्या जागी. काका डोकावून म्हणाले, आज कोणी गेलं काय? मी म्हणालो, नाही, कोणी आलंच नाही.

घरी: 'यंत्रशास्त्राची मूलतत्त्वे' खारूताई रोज वापरते. त्यावर उभी राहिली की दिव्याच्या बटणापर्यंत हात पोचतो.

शनिवार, २३ मार्च

आठवड्याची संख्या: २९. यातली अकरा लाल. अकराही आयांनी नेलेली. परत आलेल्या सात लाल पुस्तकांत, देताना मी पानांत ठेवलेला दोरा जागच्या जागी होता. फार जपून वाचली असणार.

भावोजींनी जेवताना विचारलं, काय म्हणतंय जवळजवळ? मी म्हणालो, पाया घातलाय, इमारत दिसायला वेळ लागतो. भावोजी म्हणाले, पायाला फरशी लागेल. सांगू का मित्राला?

ताई हसली. खारूताईही हसली. मग माझ्याकडे बघून थांबली.

रात्री थोडा वेळ झोप आली नाही. ११८ वरून २९. उतार आहे हे मी नाकारत नाही. पण समितीत शिकलेली माणसं आहेत. ती संख्या बघणार नाहीत, पद्धत बघतील.

बुधवार, २७ मार्च. दुपारी ४.००

उद्या समिती. तयारी:

१. कपाटं पुसली. दोनदा.
२. वही नवीन वहीत उतरवली. एकही खाडाखोड नाही.
३. भाषण पाठ केलं. चार मिनिटं वीस सेकंद.
४. भावोजींचा पांढरा शर्ट मागितला. डाग पाडलास तर गोदामात जादा पाळी करून फेडायचा, म्हणाले.
५. कोपऱ्यावर खेळणाऱ्या दोन मुलांना सांगितलं, उद्या अकराला बालविभागात येऊन बसा, गोळ्या देतो. ती म्हणाली, गोळ्या आधी. दिल्या.

ग्रंथपाल बाई उद्या सकाळी थेट हजर होणार. फोनवर म्हणाल्या, पुस्तकं लावलीस ना जरा? मी म्हणालो, बघालच.

गुरुवार, २८ मार्च. रात्री ९.१५

जसं घडलं तसं लिहितो.

गोळ्या घेतलेली मुलं आली नाहीत. बालविभागात मी, बाई आणि ६४० पुस्तकं. बाई कपाटांकडे बघत राहिल्या. एक पुस्तक काढलं, नखाने चिकटपट्टी उचलून बघितली, परत ठेवलं. म्हणाल्या, सगळ्यांना? मी म्हणालो, सगळ्यांना. त्या म्हणाल्या, अरे देवा. मला वाटलं, कौतुकाने.

अकराला समिती. अध्यक्ष म्हणजे निवृत्त दंतवैद्य, आणि दोन सभासद. अध्यक्षांनी विचारलं, मुलं कुठे आहेत? मी भाषण सुरू केलं. एक मिनिट दहा सेकंदांनी त्यांनी हात वर केला. म्हणाले, ते छान आहे, पण मुलं कुठे आहेत?

तेवढ्यात खारूताई आली. मी सकाळी घाईत डबा विसरलो होतो, ताईने तिच्या हाती पाठवला. अध्यक्षांनी सवयीने आधी तिचे दात बघितले. मग विचारलं, काय गं, इथली पुस्तकं वाचतेस का तू? ती म्हणाली, वाचायचे. अध्यक्ष म्हणाले, आता? तिने माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनी खुणावलं की लाल कार्ड दाखव. ती म्हणाली, मला वाळूतली होडी पाहिजे होतं.

कसली गोष्ट आहे ती, अध्यक्षांनी विचारलं. आणि ही जी दोन आठवडे एक शब्द बोलली नव्हती, ती डबा हातात तसाच धरून बोलायला लागली. एक नावाडी असतो. त्याची नदी आटून जाते. सगळे म्हणतात, होडी मोडून लाकूड विक. तो विकत नाही. रोज संध्याकाळी वाळूत होडीवर जाऊन बसतो. मग गावातली पोरं येऊन बसायला लागतात. तो वल्हं मारतो, वाळूतच, आणि सांगतो, आता हे गाव आलं, आता ते बेट आलं. अंधार पडला की सगळी उतरतात. पण एक दिवस एक मुलगा उतरत नाही. म्हणतो, मला जिथे जायचंय ते अजून आलं नाही.

ती थांबली. सभासद थांबले. दारात पिशवीवाले काका येऊन उभे होते, एका हातात कोणाची तरी पिशवी.

मग पुढे? अध्यक्ष म्हणाले.

मला काय माहीत, खारूताई म्हणाली. मामाने पान एकतीसला काढून घेतलं.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. अध्यक्ष म्हणाले, सांगा तुम्ही. पुढे काय होतं?

मी वही उघडली. पान ३१ ते ४८, त्रेचाळीस जोडाक्षरं. त्यांतली अकरा एकट्या 'म्हणाला'ची. हे मी स्पष्ट आणि मोठ्याने सांगितलं.



अध्यक्ष म्हणाले, आणि तो मुलगा? मी म्हणालो, गोष्ट वाचली की मोजणी चुकते, साहेब. ते म्हणाले, बरं, मग दुसऱ्या कुठल्यातरी पुस्तकाची गोष्ट सांगा. सहाशे चाळीसपैकी कुठलीही. मी कपाटांकडे बघितलं. पिवळी, हिरवी, निळी, लाल. प्रत्येकाचा आकडा मला तोंडपाठ होता.

शेवटी म्हणालो, रेल्वे, स्टेशन, प्लॅटफॉर्म, सिग्नल, ड्रायव्हर, गार्ड.

सभासदांपैकी एकाला खोकला आला. बाईंनी खिडकीबाहेर बघितलं. अध्यक्षांनी पिवळ्या कपाटातून 'वाळूतली होडी' काढलं, बुटक्या खुर्चीवर बसले आणि पान एकतीसपासून वाचायला लागले. नऊ मिनिटं. सभासद उभे. संपल्यावर चष्मा काढून पुसला, पुस्तक खारूताईच्या हातात दिलं, तिला म्हणाले, पुढचे दात जप, आणि गेले.

माझ्याबद्दल काहीच बोलले नाहीत. हे चांगलं की वाईट, ठरवता येत नाही.

शुक्रवार, २९ मार्च. रात्री

खारूताईने काल रात्रीच पुस्तक संपवलं. मग ताईने वाचलं. पिठाचे हात धुवायचे राहिले, उभ्याने वाचलं. आज भावोजींनी वाचलं, दुकानाला उशीर झाला. आता तिघं जेवताना एकमेकांकडे बघतात. भावोजी एकदा नुसते, हं, असं म्हणाले. ताई म्हणाली, हो ना.

मी सहज विचारलं, उतरतो का तो मुलगा? खारूताई म्हणाली, तू लाल ना मामा? पिवळ्यातलं तुला सांगायचं नाही. नियम म्हणजे नियम.

मला उत्सुकता नव्हतीच. विषय काढावा म्हणून विचारलं.

शनिवार, ३० मार्च. सकाळी ११.४५

निर्णय आला. बाईंनी आत बोलावून, दार लोटून सांगितला. कायम नाही. तीन महिने आणखी रोजंदारी, पगार तोच. अट: सगळे ठिपके काढायचे, आणि दर शनिवारी चार वाजता मुलांना एक पुस्तक वाचून दाखवायचं. आधी स्वतः वाचून.

म्हणजे समितीने काढून तर टाकलं नाहीच, उलट जादा जबाबदारी दिली. ताईला तसंच सांगितलं. ताई म्हणाली, म्हणजे जवळजवळ? मी म्हणालो, जवळजवळ. भावोजींनी मित्राला फोन करून फरश्यांचं रद्द केलं. शर्ट मात्र लगेच परत मागितला.

बाईंना मी एकच विचारलं. समजा, वाचून दाखवताना माणूस अडला तर? शाळेत मी उभा राहून वाचायला लागलो की वर्ग हसायचा. शब्द सगळे ओळखीचे असायचे, पण एकामागून एक यायला लागले की वाक्य हातून निसटायचं. बाई म्हणाल्या, मुलं थांबतील. त्यांना घाई नसते.

गुरुवार, ४ एप्रिल

चिकटपट्टी काढली की ठिपका निघतो. ठिपका निघाला की मुखपृष्ठ थोडं निघतं. स्पिरिटने बरं होतं. वेग: तासाला चौदा.

रात्री 'वाळूतली होडी' वाचायला घेतलं, माझ्या नावावर. आकडे डोक्यात येतात. 'म्हणाला' दिसलं की बोट दुमडतं. पान नऊपर्यंत आलो. नावाड्याची नदी आटली आहे.

शनिवार, ६ एप्रिल. संध्याकाळी ६.००

वाचून दाखवलं.

चारला सहा मुलं होती, सव्वाचारला पंधरा झाली. बेकरीवाल्या बाई मुलाला घेऊन दाराशी बसल्या, विहीर निघाली तर पटकन उठता येईल म्हणून. पहिल्या पानावर तीनदा अडलो. कान तापले. कोणी हसलं नाही. एक छोटी म्हणाली, सावकाश वाच दादा, आम्ही आहोत.

पाऊण तासात पान एकतीस. पाच वाजले. आवाज बसला. घरून आधी वाचून यायची अट होती, पण मी तेवढाच पोचलो होतो. मी म्हणालो, उरलेलं पुढच्या शनिवारी. असा आरडाओरडा मी या खोलीत कधी ऐकला नव्हता. खारूताई उठली, माझ्या हातातून पुस्तक घेतलं, मला म्हणाली, सरक जरा, आणि उरलेली अठरा पानं तिने वाचली. मी खाली, मुलांत बसलो. मांडीवर बेकरीचा मुलगा येऊन बसला होता. ते नंतर लक्षात आलं.

शेवट लिहीत नाही. लिहायला हात जात नाही.

जोडाक्षरं मोजायची राहिली.

शुक्रवार, १२ एप्रिल. दुपारी १.३०

उद्यासाठी 'विहिरीतला आवाज' घेतलं आहे. नीट तयारी करावी म्हणून रोज रात्री थोडं वाचतो. कालपासून तोंड धुताना नळ बारीक सोडतो. पाणी वाचवायचं म्हणून, दुसरं काही नाही.

या आठवड्याची संख्या आजपर्यंत: ६३. ठिपके राहिले: २१२.

हिशोब, आजअखेर.

खर्च:
ठिपक्यांची पाकिटं, आठ: ९६
चिकटपट्टीची रिळं, पाच: ७५
तक्त्याचा कागद, स्केचपेन: ४०
वह्या, दोन: ५०
गोळ्या (मुलं आली नाहीत): १०
स्पिरिट, दोन बाटल्या: ६०
एकूण: ३३१. बिल लावणार होतो. बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, जरा दम धर.

देणं:
भावोजींना, शर्टाच्या खिशावरचा स्केचपेनचा डाग, धुलाई: ३०
वाचनालयाला, माझ्या नावावरचं 'वाळूतली होडी', तारीख बुधवारी संपली, दोन दिवसांचा दंड: ४

उद्या धरून ६ होतील. तिसऱ्यांदा वाचतोय, पान चाळीसवर आहे.